छाती भरायची तर वजन जड की हलके?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. विचारणारा अठरा ते पंचवीस वर्षांचा असतो. कळंब, भूम, परंडा, वाशी यांपैकी एखाद्या तालुक्यातल्या गावाहून येऊन तो इथे खोली करून राहिलेला असतो आणि सर्दी-खोकल्याचे निमित्त करून आलेला असतो. औषधाची चिठ्ठी हातात पडली की तो हळूच विचारतो, “डॉक्टर, छातीच भरंना. जिममधले एक भाऊ म्हणतेत जड वजन मार, दुसरे म्हणतेत हलकं घे अन् जास्त वेळा मार. कुणाचं ऐकू?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे बरेच काही गुंतलेले असते. पुरुष शिपाई पदासाठी उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर आणखी किमान ५ सेंटिमीटर, अशी अट असते. अर्ध्या सेंटिमीटरने मुलगा मैदानातून परत येतो. त्याच्या खोलीचे भाडे, मेसचा डबा, क्लासची फी हे सारे बापाने सोयाबीन विकून भरलेले असते. त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. शिवाय या घाईतच मुले खांदा दुखावून घेतात, भलती इंजेक्शने टोचून घेतात आणि मग खरोखरीचे पेशंट होऊन माझ्याकडे येतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. स्नायूची जाडी वाढवायची असेल, तर जड आणि हलके या दोन्ही वजनांनी ती जवळजवळ सारखीच वाढते. अट एकच, की स्नायू थकत आला पाहिजे. एका झटक्यात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढते. आता असे का होते ते पाहू.

छाती म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला छातीचा स्नायू म्हणतो तो पंख्याच्या आकाराचा असतो. त्याचा रुंद भाग गळपट्टीचे हाड, छातीच्या मधले उभे हाड आणि बरगड्यांच्या कुर्च्या यांना चिकटलेला असतो. निमुळते टोक दंडाच्या हाडाला जाऊन मिळते. हात पुढे ढकलणे आणि दंड छातीकडे ओढून आणणे ही त्याची कामे. गाडा ढकलताना, पेंढी कवेत घेताना, जोर काढताना तो कामाला लागतो. त्याच्याखाली एक लहान स्नायू, त्याखाली बरगड्यांचा पिंजरा आणि त्याच्या आत फुप्फुसे व हृदय.

भरतीचा टेप मात्र एकट्या या स्नायूला मोजत नाही. तो पाठीमागूनही फिरतो. म्हणजे पाठीचे रुंद स्नायू, बरगड्यांचा पिंजरा आणि त्यावरची चरबी हे सगळे त्या ७९ मध्ये येते. जिममध्ये आरशासमोर फक्त छाती मारणाऱ्या मुलांच्या हे लक्षात येत नाही. पुलअप्स काढल्याने किंवा वाकून वजन पोटाकडे ओढल्याने पाठ भरते आणि टेपवरचा आकडा तिनेही वाढतो.

फुगवल्यावरच्या ५ सेंटिमीटरचा तर छातीच्या स्नायूच्या जाडीशी फारसा संबंध नाही. ते काम श्वासपटलाचे आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचे. बेंचवर ८० किलो मारणारा गडी ४ सेंटिमीटरवर अडकतो आणि सडपातळ धावणारा मुलगा ७ सेंटिमीटर फुगवून दाखवतो, हे मी पाहिलेले आहे. घाबरलेला उमेदवार अर्धा श्वास आतच धरून उभा राहतो, मग फुगवायला उरते काय? आधी सावकाश, पूर्ण श्वास सोडायला शिकावे. दोन्ही तळहात बरगड्यांच्या बाजूंवर ठेवून नाकाने खोल श्वास घ्यावा, बरगड्या हातांना बाहेर ढकलतात की नाही ते पाहावे, दोन-तीन सेकंद थांबून पूर्ण सोडावा. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा हे केले तर अंगवळणी पडते. मात्र पूर्ण श्वास सोडला की पहिला आकडाही थोडा उतरतो, म्हणून ७९ च्या काठावर असलेल्याने दोनेक सेंटिमीटरची शिल्लक गाठीशी ठेवूनच मैदानात उतरावे.

जड वजनाचा पंथ

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवर डॉ. थॉमस डीलॉर्म हे लष्करी डॉक्टर उपचार करीत होते. गुडघे आणि मांड्या दुबळ्या झालेल्या सैनिकांना त्या काळी हलके वजन देऊन पुष्कळ वेळा उचलायला लावत. डीलॉर्म यांना स्वतःला वजने उचलण्याचा नाद होता. त्यांनी उलट केले. वजन जड ठेवले, उचलण्याची संख्या दहाच्या आसपास आणली आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आज कुठल्याही जिममध्ये जे ‘दहाचे तीन सेट’ चालतात, त्याचे मूळ या कामात आहे. ताकदीसाठी जड वजन आणि दमासाठी हलके, हा समज तेव्हापासून पक्का झाला आणि त्यातूनच ‘हलक्याने स्नायू वाढतच नाही’ अशी पुस्ती लोकांनी पुढे जोडली.

आपल्याकडच्या वस्तादांनी ही पुस्ती कधी मानली नाही. तालमीत जोर आणि बैठका शेकड्याने निघत. जोर काढताना वजन असते ते आपल्याच शरीराचे. हात आणि पायाची बोटे टेकवून आडवे झाले, की अंगाच्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ६० किलोच्या मुलाच्या हातांवर ४० किलोच्या आसपास. तयार पैलवानाला हे हलकेच वजन, पण तो ते थकेपर्यंत काढतो. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश गेल्या शतकात निघाला, त्यात जोरांचे किती प्रकार दिले आहेत ते ज्यांनी चाळले असेल त्यांना ठाऊक आहे. तालमीत नाल उचलणे, गदा फिरवणे हे जड कामही होतेच, पण छाती-दंड घडवण्याची भिस्त जोरांवर होती. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या धाराशिवात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली, तेव्हा ज्यांनी मल्लांच्या छात्या जवळून पाहिल्या त्यांना पुरावा द्यायला नको. (आमच्या पिढीच्या शाळेत जोर-बैठका ही शिक्षा होती. एखादा चांगला व्यायाम शिक्षा म्हणून वापरला की मुलांना त्याचा कायमचा वीट येतो, हे शिक्षकांच्या ध्यानात आले नाही. असो.)

प्रयोगशाळेत काय दिसले?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या वादाची मोजमाप करून तपासणी झाली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली तरुणांच्या मांडीच्या स्नायूवर १० आठवडे प्रयोग झाला. एखाद्याला जेमतेम एकदाच उचलता येईल एवढ्या वजनाला शंभर टक्के धरले, तर काही पायांना त्याच्या ८० टक्के वजन दिले आणि काहींना केवळ ३० टक्के. दोन्हीकडे थकेपर्यंत उचलायला लावले. शेवटी स्नायूची वाढ सारखीच भरली. यावर ‘नवख्यांचे काय, त्यांचे कशानेही वाढते’ असा आक्षेप निघाला. मग २०१६ साली त्याच विद्यापीठाने आधीपासून व्यायाम करणारे ४९ तरुण घेतले आणि १२ आठवडे दोन गट केले. एका गटाने जड वजन ८ ते १२ वेळा, दुसऱ्याने हलके वजन २० ते २५ वेळा उचलले. स्नायूची वाढ पुन्हा सारखीच. फरक पडला तो बेंच प्रेसच्या ताकदीत. तिथे जड वजनवाले पुढे गेले.

छातीपुरता प्रयोग जपानमध्ये झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तरुणांनी आधी सहा आठवडे ७५ टक्के वजनाने बेंच प्रेस केला, नंतर वर्षभर सुट्टी घेतली आणि पुन्हा सहा आठवडे ३० टक्के वजनाने थकेपर्यंत केला. छातीच्या स्नायूची वाढ दोन्ही वेळा जवळपास तेवढीच झाली. ताकदीची वाढ मात्र जड वजनाच्या वेळी दुपटीहून अधिक होती. जपानमध्येच २०१७ साली आणखी एक लहान अभ्यास झाला. त्यात बेंच प्रेस आणि साधे पुशअप्स यांची आठ आठवडे तुलना केली आणि दोन्ही गटांच्या छातीत सारखीच भर पडली. ज्यांच्याकडे जिमची महिन्याची फी भरायला पैसे नाहीत, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

हलके म्हणजे किती हलके, यालाही सीमा आहे. ब्राझीलमधील २०१८ च्या अभ्यासात ४०, ६० आणि ८० टक्के वजनांनी वाढ सारखी झाली, पण २० टक्क्यांवर ती पुष्कळ कमी पडली. म्हणजे रिकामी दांडी शंभर वेळा वरखाली केली आणि दम लागला नाही, तर वेळ गेला एवढेच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्नायूतले तंतू लहान-मोठ्या तुकड्यांत विभागलेले असतात आणि एकेका तुकडीला एकेक मज्जातंतू हुकूम देतो. हार्वर्डचे शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९६५ मध्ये दाखवले, की हुकूम आधी लहान तुकड्यांना जातो आणि काम अवघड होईल तसतसा मोठ्या तुकड्यांना. आपल्याकडचे उदाहरण घ्या. चिखलात उसाची भरलेली ट्रॉली फसली, तर पहिल्याच हाकेला सारी वस्ती बोलवावी लागते. हे झाले जड वजन. ट्रॉली रिकामी असेल तर दोघेच ढकलतात, बाकीचे बांधावर बसून राहतात. पण तीच रिकामी ट्रॉली चढावरून पंचवीस वेळा ढकलायची म्हटले, तर पहिले दोघे दमतात आणि बांधावरच्यांना उठावेच लागते. हे झाले हलके वजन थकेपर्यंत. मोठ्या तुकड्या कामाला लागल्या, त्यांच्यावर ताण पडला, की त्या जाड होतात. ताण जड वजनाने पडला की थकव्याने, याची त्यांना पर्वा नसते. दहाव्या वेळेलाच, बांधावरचे बसलेले असतानाच जो थांबतो, त्याचे स्नायू वाढत नाहीत आणि तो म्हणतो हलक्या वजनात दम नाही.

मग ताकदीत फरक का? कारण ताकद नुसत्या स्नायूत नसते, मेंदूच्या सरावातही असते. सगळ्या तुकड्यांना एकाच क्षणी हाक घालायची सवय जड वजनानेच लागते. पहिल्या महिना-दीड महिन्यात वजन भराभर वाढते आणि टेप मात्र जागचा हलत नाही, याचे कारणही हेच. त्या काळात मेंदू शिकत असतो. म्हणून भरतीला तीन आठवडे उरले असताना ‘छाती वाढवून द्या’ म्हणणाऱ्याला माझ्याकडे औषध नाही. निदान तीन-चार महिने हाताशी हवेत.

मग तुम्ही काय करावे?

माझ्या मते सर्वसाधारण तरुणाला मधला मार्ग सोयीचा. असे वजन घ्यावे जे आठ ते पंधरा वेळा उचलता येते आणि शेवटच्या दोन-तीन वेळा हालचाल आपोआप मंदावते. आणखी एक-दोन वेळा कसेबसे जमले असते, असे वाटले की ठेवून द्यावे. प्रत्येक वेळी हात लटपटेपर्यंत जायची गरज नाही. मात्र वजन हलके असेल तर थकव्याच्या जवळ जावेच लागते, आणि ते सुखाचे नसते. पंचवीस-तीस वेळा ढकलताना छाती जळते, धाप लागते. जड वजन लवकर आटोपते, पण सांध्यांवर भार जास्त येतो. ज्याचा खांदा वा कोपर कुरकुरते त्याने हलके आणि जास्त वेळा, ज्याला एका जागी जोर लावायची ताकद हवी त्याने आठवड्यातून एखादा दिवस जड, असे वाटून घ्यावे. भरतीत गोळा ७.२६० किलोचा असतो, तो फेकायला ती ताकद उपयोगी पडते.

आठवड्यातून दोन वेळा छाती, फार तर तीन वेळा, आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा. सुरुवातीला एका दिवशी तीन सेट पुरेत. दोन-तीन महिन्यांनी आठवड्याचे मिळून दहाच्या आसपास न्यावेत. बारा-पंधरा वेळा सहज होऊ लागले की अडीच किलो वाढवावे. घरी जोर काढणाऱ्याने संख्या पंचवीसच्या पुढे गेली की पाय ओट्यावर ठेवावेत, म्हणजे हातांवरचा भार वाढतो. किंवा पाठीवरच्या दप्तरात ज्वारीची पाच किलोची पिशवी टाकावी. ज्याला एकही जोर जमत नाही त्याने हात ओट्यावर आणि पाय जमिनीवर ठेवून सुरुवात करावी. वजन खाली आणताना सावकाश आणावे. छातीवर आदळून उसळी घेणारे वजन स्नायू उचलत नाही, बरगड्या उचलतात.

सोमवारी जिममध्ये बेंचसाठी रांग असते आणि पायांच्या व्यायामाकडे चिटपाखरू फिरकत नाही, हे चित्र सगळीकडे सारखेच. वरून पैलवान आणि खालून बगळा अशी ही तयारी भरतीत उघडी पडते. तिथे मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १६०० मीटर धावण्याला २० आणि १०० मीटरला १५ आहेत. छातीला गुण नाहीत, ती नुसती चौकट आहे. पार झाली की संपले.

खाण्याविषयी थोडक्यात. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या मुलाला ७० ते ९५ ग्रॅम. अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून २५ ग्रॅम मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणातून १३, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १३, अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२. बेरीज ७९ झाली. रविवारी मटण झाले तर उत्तमच. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे, आपणच का मागे राहावे! हजारो रुपयांचा डबा घेण्याची गरज बहुतेकांना नसते. त्यातली पावडर म्हणजे दुधातलेच प्रथिन. डबा खरा असेल तर ते वाईट नाही, पण बापाच्या कर्जातून घेण्याइतके अमृतही नाही. ७९ सेंटिमीटर न भरणाऱ्या पुष्कळ मुलांचे मूळ दुखणे पोटभर न खाणे, मेसची पातळ डाळ आणि कमी झालेले हिमोग्लोबिन हेच असते. वजन उचलण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

जिथे जीवावर बेतते

बेंच प्रेस एकट्याने करू नये. दांडी गळ्यावर किंवा छातीवर पडली तर हात थकलेले असल्यामुळे ती उचलता येत नाही. डोक्याशी एक माणूस उभा हवा. कोणी नसेल तर दांडीच्या टोकांना क्लिपा लावू नयेत, म्हणजे अडचणीत एक बाजू कलती करून प्लेटा खाली सोडता येतात. अंगठा दांडीभोवती घ्यावा. अंगठा बाजूला ठेवून धरण्याची फॅशन आहे, त्यात दांडी निसटते. कोपरे खांद्याच्या रेषेत ताठ पसरू नयेत, थोडी अंगाकडे घ्यावीत, म्हणजे खांदा वाचतो. छातीचा स्नायू दंडाजवळ तुटण्याचा प्रकार क्वचित घडतो, पण घडतो तेव्हा बहुधा जड बेंच प्रेस करणाऱ्या तरुण पुरुषातच. टप् असा आवाज, काखेच्या पुढच्या घडीजवळ काळेनिळे आणि तिथे खळगा. अशा वेळी मालिश करू नये, हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे. शस्त्रक्रिया लवकर झाली तर निभावते.

श्वास कोंडून वजन उचलणे ही दुसरी खोड. १९८५ साली मॅकमास्टर विद्यापीठातच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, ते पायांनी जड वजन ढकलत असताना रक्तदाब मोजला होता. सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. आपण दवाखान्यात १४०/९० ला गोळीचा विचार करतो! निरोगी तरुण हे काही सेकंद सोसतो. पण चाळिशीच्या पुढच्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाने ढकलताना श्वास सोडावा, वजन हलके ते मध्यम ठेवावे, दहा-पंधरा वेळांचा सेट करावा. व्यायामच करू नये असे मात्र मुळीच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये वजनांचा व्यायाम हृदयासाठीही हितकर असल्याचे पुन्हा सांगितले आहे. आधी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाब ताब्यात आणा, एवढेच. ज्याला जांघेत फुगा येतो, म्हणजे हर्निया आहे, त्याने त्याचा इलाज आधी करावा.

हलके म्हणजे निर्धोक, असेही समजू नका. सहा महिने काही न केलेला मुलगा पैज लावून पहिल्याच दिवशी तीनशे जोर काढतो, तेही मे महिन्याच्या उन्हात. दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत, दंड सुजतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरलेले असते आणि ते मूत्रपिंड बंद पाडू शकते. अशा वेळी अंगदुखीची गोळी घेणे म्हणजे आगीत तेल. त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. लघवीचा रंग बदलला की थेट रुग्णालय गाठायचे, रात्र असली तरी. असा एक मुलगा मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवला होता. सलाइन वेळेवर लागल्याने डायलिसिस टळले आणि पुढच्या वर्षी तो गावात गणपतीपुढे लेझीम खेळताना दिसला.

आता इंजेक्शनांचे. स्टेरॉइड घेतलेल्याची छाती वेगाने भरते हे खरे आहे, खोटे सांगून मुले ऐकत नाहीत. पण बाहेरून पुरुषी हार्मोन आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, लग्नानंतर मूल होत नाही म्हणून दोघे तपासणीला येतात तेव्हा हे बाहेर पडते. जादा हार्मोनचा काही भाग शरीरात स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो आणि स्तनाची गाठ वाढते. छातीसाठी घेतले आणि शर्ट काढायची लाज वाटेल अशी छाती झाली! ती गाठ पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच जाते. हृदय जाड होते, रक्त घट्ट होते, ते वेगळेच. वाढत्या वयात घेतल्यास हाडांची वाढ वेळेआधी थांबते, म्हणजे ज्याला १६५ सेंटिमीटर गाठायचे आहे त्याने स्वतःच्याच उंचीवर धोंडा पाडून घेतला.

दुसरे इंजेक्शन आहे मेफेन्टरमिन. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते शस्त्रक्रियागृहात वापरतात. जिममध्ये आणि भरतीच्या मैदानामागे ते दम वाढवायला टोचले जाते. याने स्नायू वाढत नाही. नाडी आणि रक्तदाब भडकतो, झोप उडते, भास होतात, सवय लागते आणि धावता धावता हृदय बंद पडू शकते. आपल्या मुलाच्या खोलीत सुई-सिरिंज दिसली तर आईवडिलांनी आरडाओरडा न करता त्याला घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे यावे. ही औषधे चिठ्ठीशिवाय देणे गुन्हा आहे. देणारा दुकानदार असो की जिमवाला.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक सांगायचे राहिले. या वयात पुष्कळ मुलांच्या छातीला एक किंवा दोन्ही बाजूंना लहान दुखरी गाठ येते. मुलगा पोहायला जायचे टाळतो, कोणाला सांगत नाही आणि छाती ‘कडक’ करायला गुपचूप जोर काढतो. ही वयात येण्याची खूण असते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. व्यायामाने ती जात नाही आणि व्यायामाने वाढतही नाही. गाठ फार मोठी झाली किंवा सतरा-अठरापर्यंत राहिली तर दाखवावे.

आणि व्यायामानंतर छाती दुखली तर? स्नायूचे दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते, बोटाने दाबले की नेमके तिथे दुखते, हात हलवला की वाढते, दोन-चार दिवसांत ओसरते. याउलट वजन उचलत असताना किंवा पळत असताना छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे दडपण आले, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, घाम फुटला, थांबल्यावर कमी झाले, तर तो स्नायू नव्हे. वय पंचवीस असले तरी नव्हे, आणि घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले असेल तर मुळीच नव्हे. गॅसचे औषध घेऊन सकाळची वाट पाहू नये. मोटारसायकल स्वतः चालवत निघू नये, कोणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढून घ्यावा.